एक घर विचारायचं राहिलं

"तिथंच थांब! उंबरा वलांडू नगंस!"

व्यंकटरावांचा आवाज कडाडला आणि कोकिळेचं उचललेलं पाऊल तसंच मागं आलं... बाहेर गवंडी बारवेच्या पायऱ्यांवर भिंत चढवत होते, आणि ती भिंत बांधायला लावणारी सरकारी डॉक्टरीण त्यांच्याच पोटची लेक होती! त्यांच्या आज्यानं बांधलेली बारव ती. गावात नवी सून आली की पायऱ्या उतरून, पाय धुऊन पहिली घागर तिथंच भरायची. आता बारव बंद, आणि शेजारी सरकारी हापसा.

"वाडवडलांचं पाणी तोडलंस तू! आजपासून मला लेक न्हाई!"

गंगाखेड तालुक्यातलं ते गाव त्या उन्हाळ्यात नारूनं आडवं झालं होतं. पाण्यातून पोटात गेलेला हा किडा वर्षभर अंगात वाढतो आणि दोऱ्यासारखा, आग करत कातडीतून बाहेर पडतो. कोकिळेचा धाकटा भाऊ भुजंग, कबड्डीत कुणाच्या हाती न लागणारा, गुडघ्यात नारू पिकून कायमचा लंगडा झाला. नुकतीच नारूच्या मोहिमेत लागलेल्या कोकिळेनं मग हट्टानं आपलाच तालुका मागून घेतला.

दारोदार तिचा एकच प्रश्न असे, "गेल्या उन्हाळ्यात कुठलं पाणी प्यालात?" यंदाचं नव्हे, गेल्या सालचं!

"बाई, कालचं कालवण ध्यानात ऱ्हाईना आन् तुमी गेल्या सालचं पाणी इचारायलाव!" म्हणून लोक हसायचे. पण उत्तरं एकमेकांशी जुळत गेली, सगळी बारवेपाशी येऊन थांबली, आणि कोकिळेला आईचा पाय आठवला!

गेल्या उन्हाळ्यात काय घडलं, ते तिनं सुट्टीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आईच्या, पारूबाईच्या, घोट्यातून नारू निघत होता. वेदनेनं ती माउली तळमळायची... आणि आबा, म्हणजे व्यंकटराव, तिला हातांवर उचलून बारवेत उतरायचे, तिचा पाय थंडगार पाण्यात सोडून घटकाभर बसायचे. बायकोचे असे लाड करणारा पुरुष पंचक्रोशीत दुसरा नव्हता! आणि पाय पाण्यात बुडाला, की नेमका तेव्हाच नारू आपली असंख्य पिल्लं त्या पाण्यात सोडतो. तेच पाणी भुजंग प्याला, सारं गाव प्यालं.

आबांच्या मायेनंच भुजंगाचा पाय नेला होता! हे कुठल्या तोंडानं सांगायचं? भुजंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कळलं असतं तर त्या माणसानं अन्नपाणी सोडलं असतं. कोकिळेनं सारं गाव विचारलं, आपली ओसरी तेवढी टाळली, आणि बापाचा संताप मुकाट्यानं झेलत गाव सोडलं.

मग ती थांबलीच नाही! पुण्याहून दिल्लीला गेली. औषधांवर भिस्त ठेवणाऱ्या मोठमोठ्या डॉक्टरांशी ती भांडली, की आधी माणसाचा पाय आणि प्यायचं पाणी वेगळं करा, मग बाकीचं बघू. तिचं म्हणणं धोरणात उतरलं. पुढं आफ्रिकेतल्या खेड्यांतून दुभाष्याला बरोबर घेऊन तिनं तोच प्रश्न विचारला, तिथलीही तळी राखली. मानसन्मान पायाशी चालत आले... पण आई गेली तेव्हा तार उशिरा मिळाली, आणि माहेरचा उंबरा मात्र तिला परका तो परकाच राहिला!

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या साली चैत्रात भुजंगाचा फोन आला. "आक्का, गावात आता नारू औषधालाबी न्हाई. समदे तुझा सत्कार करायलेत. परत परदेशी जायच्या आधी ये."

बारवेपाशी मांडव पडला होता. सरपंच हार घालणार, तोच गर्दीतून काठी टेकत व्यंकटराव पुढं आले.

"थांबा, सरपंच. हिनं आख्ख्या गावाला इचारलं, गेल्या उन्हाळ्यात कुठलं पाणी प्यालात म्हनून. मलाच का न्हाई इचारलं?"

"आबा, नका ना..."

"बोलू दे! शाळंच्या भिंतीवर ते नारूचं चित्र काढलंय, पाण्यात पाय सोडल्याली बाई. ते बघितलं आन् मला माझी पारू दिसली, तिच्याजवळ बसल्याला मी दिसलो! पोराचा पाय मी घालवला, आन् सजा लेकीला दिली... माझा गुन्हा हिनं पोटात घातला, मंडळी! वरीस झालं कळून, पर तोंड दाखवायची हिंमत व्हईना."

भुजंग लंगडत आला आणि त्यानं बापाला घट्ट धरलं. "आबा, पाय गेला तर जाऊ द्या. तवा माझ्या मायचा जीव निवला, त्याची लय किंमत हाय मला!"

व्यंकटराव लहान मुलासारखे रडले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत लेकीकडं वळले. "आता इचार, माय. माझं एक घर इचारायचं ऱ्हायलंय तुझं."

जगभर विचारलेला तो प्रश्न कोकिळेला तेवढ्यात आठवेना!

"आबा... गेल्या उन्हाळ्यात कुठलं पाणी प्यालात?"

"हापशाचं! माझ्या लेकीनं दिल्यालं!"

म्हाताऱ्यानं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः हापसा हापसून तांब्या भरला, लेकीला घरापर्यंत नेलं, आणि उंबऱ्याशी वाकून तिच्या पायांवर ते पाणी घातलं.

"ये. आत ये."

सारं गाव टाळ्या वाजवत होतं, आणि कोकिळेनं उंबरा ओलांडला.