पाठ केलेलं उत्तर

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी शवपेटीत आडवी झाले होते.

हसू नका. मामाचा कारखानाच शवपेट्यांचा, आणि आतलं पांढरं अस्तर शिवायचं काम माझं. शिवण टोचते का, उशी दबते का, हे मी स्वतः निजून बघायची. मेलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, म्हणून काय त्याच्या गळ्यात काहीही मारायचं? त्या दिवशी दार वाजलं, मी उठून बसले… आणि दारातल्या माणसाच्या हातातली हत्यारांची पिशवी धाडकन त्याच्याच पायावर पडली.

"सुताराची जागा… रिकामी आहे असं कळलं…" एका पायावर नाचत तो म्हणाला.

"जागा आहे. ही पेटी मात्र भरलेली आहे."

तो हसला. तिथंच माझं वाटोळं झालं.

पुढं सहा महिने तो रंधा मारायचा नि मी सुई चालवायची. शाळा माझी चौथीत सुटली, पण जीभ कुणाला ऐकत नव्हती. "काटकोन जमतो का हो?" मी डिवचायची. "तुमच्या नाकाइतका सरळ नाही जमत," तो मान वर न करता म्हणायचा. कधी तुम्हीचं तू झालं, कळलंही नाही. लहान मापाची पेटी आली की मात्र आम्ही दोघंही गप्प. तिच्या कडा तो दोनदोनदा घासायचा.

"एवढं कशाला?" मी एकदा विचारलं.

"आईचा हात फिरतो ना कडेवरून… कुसळ लागायला नको."

मी मान खाली घालून भराभर टाके घालत सुटले. बऱ्याच वेळानं बघते तर सुईत दोराच नव्हता.

पण तो देव मानत नव्हता. त्याची आई तरुणपणीच गेली, तेव्हापासून देवाशी त्याचं बोलणं बंद. मामा आमच्या चर्चच्या मंडळीतला मोठा माणूस. लग्नाचं निघाल्यावर त्यानं सरळ सांगितलं, "बाप्तिस्मा घेईल तर पोरगी देईन." झालं! मी त्याला प्रश्नोत्तरं शिकवायला बसले.

"प्रभू येशूवर विश्वास ठेवतोस का?"

"ठेवतो. शिकवणारीवर जरा जास्तच."

"चावटपणा पुरे! नुसतं 'होय' म्हणायचं."

"खरं नसलं तरी?"

"होईल नंतर खरं…" मी म्हणाले. देवा, मला माफ कर.

रविवारी सगळी मंडळी भरली होती. पाळकसाहेबांनी तोच प्रश्न विचारला. तो माझ्याकडे बघत राहिला… इतका वेळ, की पुढच्या बाकावरची म्हातारी खोकायची थांबली.

"नाही," तो म्हणाला. "अजून तरी नाही. मला क्षमा करा."

मामानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी मी तणतणत कारखान्यात गेले. तो हत्यारं पिशवीत भरत होता.

"एक शब्द! एवढासा शब्द जड झाला तुला?"

"तो देव खरंच असला, तर त्याच्याशी पहिलं बोलणं खोटं बोलू? आणि तुला काय, चोरीच्या मालासारखी घरी नेऊ?"

माझं स्वतःचं 'होय' मी बाराव्या वर्षी म्हटलं होतं, नव्या बुटांच्या नादात. रोज देवाचं नाव घेणारी मी, आणि देवाचा धाक मात्र ह्याला!

"कचेरीत जाऊन सह्या करू," तो म्हणाला. "आत्ता चल." त्यानं हात पुढं केला. भुशानं माखलेला… किती ओळखीचा हात.

"नाही येणार," मी म्हणाले. "माझं लग्न देवासमोर व्हायचं. माझ्यासाठी तू त्याला फसवलं नाहीस. मग तुझ्यासाठी मी त्याच्याकडे पाठ कशी फिरवू?"

त्यानं हात हळूच मागं घेतला. "मग माझं काय?"

"मी प्रार्थना करीन तुझ्यासाठी."

"आत्ता कर. मला ऐकू दे."

तोवर मी फक्त पाठ केलेल्या प्रार्थनाच म्हटल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. डोळे मिटले, आणि जे आलं ते बोलले, "देवा, हा माणूस खोटं बोलत नाही. तू ह्याला सोडू नकोस… मला सोडावा लागतोय."

डोळे उघडले तर आमच्यात प्रार्थनेला काढतात तशी त्यानं डोक्यावरची टोपी काढली होती.

"ही तुझ्यासाठी काढली हं," तो म्हणाला. "त्याच्यासाठी नाही."

"चालेल त्याला."

तो निघाला. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत टोपी त्यानं हातातच धरली होती.