भेगा खालून रुंद

"लोक सुट्टीत डोंगर चढतात, आपण त्याला नावं ठेवत बसलोय," ढब्बू कुरकुरला.

"ठेवत नाही, देतोय. गुपचूप लिही," चिमणी म्हणाली.

तिची मावशी त्या वाळवंटी डोंगराचे थर नोंदवायला आली होती. थर जिथे नीट उघडा दिसेल, त्या जागेचं नाव त्याला मिळायचं: कोरड्या ओढ्याचा वालुकाश्म, काळ्या खिंडीचा चिखलदगड. डोंगरातून पाण्यासाठी बोगदा चालला होता आणि ढब्बूचे बाबा आत खणत होते. बोगद्याच्या छतावरच्या थरांतून यंत्रानं काढलेले दगडाचे दांडके पेटीत ओळीनं मांडले होते. त्यांचं वर्णन लिहायचं काम या दोघांकडे.

पेटीच्या एका टोकाला खडूनं 'वर' लिहिलेलं, दुसऱ्याला 'खाली'. खालच्या टोकाला दोन मीटर टणक वालुकाश्म, मग चिखलदगड, वर पुन्हा वीतभर वालुकाश्म. छत एवढं भक्कम म्हटल्यावर इंजिनीअरसाहेबांनी कालच टेकूचे खांब काढायला लावले होते.

चिमणी चिखलदगडापाशी थबकली. चिखल वाळला की भेग वरून पडते. वर रुंद, खाली निमुळती. इथे सगळ्या भेगा खालून रुंद होत्या.

"ढब्बू, पेटी उलटी भरलीय."

ढब्बू पांढराफटक पडला. म्हणजे बाबांच्या डोक्यावर वीतभरच टणक दगड होता, आणि त्यावर तो ठिसूळ चिखलदगड.

मावशी दूर खिंडीत गेलेली. दोघं साहेबांकडे धावले, तर त्यांनी फोनवर बोलता बोलताच हाकललं. चार लेबलं काय लिहिली, लगेच शिंगं फुटली का, म्हणाले. मग ढब्बूला सुरुंगाचा भोंगा आठवला. तो वाजला की हातातलं टाकून बाहेर पळायचं, हा नियम. साहेब बोलावताहेत, अशी थाप मारून चिमणीनं भोंग्यापाशी बसलेल्या पहारेकऱ्याला पिटाळलं आणि ढब्बूनं खटका ओढला.

माणसं धावत बाहेर आली. पाचवे ढब्बूचे बाबा. सहावे, लंगडे सुतारकाका, अजून आत होते. तेवढ्यात डोंगराच्या पोटात काहीतरी कोसळलं आणि बोगद्याच्या तोंडातून धुळीचा लोट आला.

सुतारकाकांना बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. ते गेले होते.

मावशीनं भेगांवरून बोट फिरवलं. "बरोबर वाचलंस," ती चिमणीला म्हणाली. खडूची खूण आपणच घाईत उलटी केली होती, हे साहेबांनी कबूल केलं.

बाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरांनो, पाच घरं वाचवलीत."

"काकांच्या घरी कोण सांगणार?" चिमणीनं विचारलं.

साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. मग ते म्हणाले, "मी जातो."

"पेटीचंही सांगा," बाबा म्हणाले.

साहेबांनी मान हलवली आणि गाडीकडे निघाले. त्यांना सोडायला कुणी उठलं नाही.