तिसरी हाक

उसाच्या फडावरून टोळीचा ट्रक त्या दिवशी तेलगावला परत यायचा होता. अभिमन्यू ओट्यावर बसून आपलं ॲप तपासत होता. शाळा अर्ध्यात सुटली होती, पण मोबाईलवर बघून बघून तो ॲप बनवायला शिकला होता. ड्रायव्हरनं फाट्यावर येऊन बटन दाबलं, की टोळीतल्या प्रत्येकाच्या घरी फोन वाजायचा. गेल्या साली त्याची बहीण वर्षाराणी आली, तर घराला कुलूप. भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय उंबरा कसा ओलांडायचा, म्हणून ती अंधारात बोचक्यावर बसून राहिली होती. यंदा तर तिच्या कडेवर फडावर जन्मलेलं बाळ होतं.

पण ॲपनं ‘सूचना पाठवू का?’ विचारलं, की गल्लीतल्या सगळ्या बाया ‘नको’ दाबायच्या.

“तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई,” आई सरस्वतीबाई पीठ मळता मळता म्हणाली. “दुसरीला बी न्हाई. हडळ तिसऱ्यांदा हाक मारत न्हाई. तुज्या आत्यानंच शिकवलंय.”

“आई, ते ॲप हाय. हडळ न्हाई.”

“हडळ तरी कुठं सांगती, मी हडळ हाय म्हणून?”

दोनदा ‘नको’ म्हटलं, की फोन पुन्हा कधीच विचारत नाही. म्हणून अभिमन्यूनं आधी दोनदा आपलाच साधा प्रश्न टाकला आणि फोनचा खरा प्रश्न तिसऱ्या वेळेला ठेवला. सकाळी गल्लीतल्या बायांनी तिसऱ्यांदा हसत हसत ‘अनुमती द्या’ दाबलं होतं. आता राहिला होता सत्यभामाआत्याचा फोन. आत्या जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या; तोवर भाकरतुकड्याची भाकरी तीच थापायची. तिच्या तडकलेल्या फोनवर तो सगळं तपासायचा. त्यात सिम नव्हतं, की नेट जोडलेलं नव्हतं.

दिवस मावळला. लाईट गेली. वाऱ्यावर मळीचा आंबूस वास आला आणि लिंबावरची पाखरं एकदम गप्प झाली.

बायांसारखंच दोनदा नाकारून बघायला त्यानं ॲप उघडलं. नको. पुन्हा उघडलं. नको. तिसऱ्यांदा खरा प्रश्न आला. त्याचं बोट अजून हवेतच होतं… आणि ‘अनुमती द्या’ आपोआप दाबलं गेलं. काचेवर पिठाचं बोट उमटलं.

फोन वाजला. ‘वर्षाराणी आली.’

“आई…” त्यानं दारातून आत पाहिलं. “तू हात लावला का?”

“मी हितं चुलीपाशी हाय की. कावून?”

त्यानं फोन दाखवला. आईनं ते पिठाचं बोट निरखलं. मग तिनं तव्यावर भाकरी टाकली.

भाकरी उतरली, अन् सगळ्या गल्लीत फोन वाजू लागले. बाया कंदील घेऊन बाहेर धावल्या. ट्रकमधून हसण्याचा गलका उतरला. आईनं मायलेकींवरून तुकडा ओवाळून लांब फेकला.

“लई भारी केलंस बे,” ड्रायव्हर रामेश्वर म्हणाला. “आत्ता फाट्यावर बटन दाबलं, तर समदं गाव दारात.”

अभिमन्यू लाजून हसला. आत्याचा फोन त्याआधीच वाजला होता, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

बाळाला झोळीत टाकलं. खिशात आत्याचा फोन थरथरला. त्यानं कधीच न लिहिलेला प्रश्न काचेवर होता. ‘बाळाला बघू का?’

त्यानं ‘नको’ दाबलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा ‘नको’.

तिसऱ्यांदा प्रश्न आला. त्यानं अंगणात खिदळणाऱ्या बहिणीकडे पाहिलं आणि ‘अनुमती द्या’ दाबलं.

झोळी हलकेच झुलू लागली. बाळ कुणाकडे तरी बघून खुदकन हसलं.

घरातल्या सगळ्यांचे हात केव्हाच धुऊन झाले होते. बाळाच्या गालावर मात्र पिठाचं ओलं बोट होतं.