पहिला ठिपका

वर्णपूर्ती केंद्राच्या प्रयोगशाळेत शिरायचं म्हणजे पायताण बाहेर, केस टोपीत, हात कोपरापर्यंत धुतलेले आणि निळ्या दिव्याखाली दहा मिनिटं गप उभं राहायचं. कस्तुरानं आजही ते सगळं केलं. आज तिला कामावरून काढणार होते, हे तिला ठाऊक होतं. पण काढणार असले म्हणून काय झालं? शाईशी तर तिचं काही वैर नव्हतं.

आत भिंतीवरच्या पडद्यावर तिचाच डावा हात दिसत होता. चित्रण गेल्या सोमवारचं. कस्तुरा शाईची वाटी पुढ्यात घेते, सुयांची जुडी बुडवते, मनगटाच्या वर एक ठिपका टोचते, निरखून बघते आणि तीच जुडी पुन्हा वाटीत घालून शाई ढवळते. एवढंच. पण केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीरंग कारखानीस ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन दाखवत होते, जसा काही खूनच उघडकीला आला होता.

पाहणाऱ्या होत्या मान्यता समितीच्या अध्यक्ष डॉ. पाटसकर. शाईला सरकारी मान्यता द्यायची की नाही, ते त्या ठरवणार होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि हे असं किती वेळा केलंत, असं कस्तुरालाच विचारलं.

"दर सोमवारी," कस्तुरा म्हणाली. "एकशे चाळीस तर झालं असतील. मोजलं न्हाईत."

का, असं विचारल्यावर तिनं सरळ सांगून टाकलं. तिची आई आणि आजी जत्रांतून गोंदायच्या. त्यांच्या घरात एक रीत होती. नवी शाई खलली की पहिला ठिपका आपल्या हातावर, आणि तो त्याच सुईनं, समोरच्या बाईला दिसेल असा. लेक दुसऱ्याची, तिच्या अंगात जे घालायचं ते आधी आपल्या अंगानं सोसलेलं असावं. तिच्या डाव्या हातावर आईच्या वेळचे हिरवे ठिपके कोपरापर्यंत होते. केंद्रात आल्यापासूनचा मात्र एकही दिसत नव्हता. ही नवी शाई चार दिवसांत कातडीत अशी मिसळायची की टोचलं कुठं हेच सापडू नये.

"हे विज्ञान आहे, जत्रा नाही," कारखानीस म्हणाले.

यांच्या यंत्राला जमेना म्हणून तर जत्रेतनं शोधून आणलं होतं कस्तुराला! जळलेली कातडी एका जागी चामड्यासारखी चिवट, तर बोटभर पलीकडे पापडासारखी. केंद्राचं सूचीयंत्र सगळीकडे एकाच खोलीवर टोचायचं आणि माणसं कळवळायची. कस्तुराचा अंगठा कातडीवर ताण द्यायचा आणि सुईला आपोआप कळायचं किती जायचं ते. आता नवं सूचीयंत्र आलं होतं, कॅमेऱ्यासकट. त्यानं पहिलं काम केलं ते तिला पकडण्याचं.

पाटसकरबाईंना शाईची सगळी हकीकत मुळापासून ऐकायची होती. ती सांगायचं काम डॉ. नफिसा मुजावर हिच्याकडे आलं. नफिसा इथली पेशीतज्ज्ञ. हुशार, भिडस्त आणि कस्तुराच्या डब्यातल्या खर्ड्याची कायमची भागीदार.

"जुन्या गोंदणातला रंग मेलेला असतो," नफिसा म्हणाली. "काजळी कातडीतल्या भक्षक पेशी गिळतात आणि तिथंच बसून राहतात. म्हणून ते पुसत नाही. भाजल्याचे पांढरे डाग झाकायला असाच मेलेला रंग वापरत होते. जानेवारीत अगदी जुळतो, पण एप्रिलच्या उन्हात आजूबाजूची कातडी रापते आणि डाग ठिगळासारखा उघडा पडतो. आम्ही रंग घालतच नाही. रंग तयार करणाऱ्या जिवंत वर्णपेशी घालतो. शेजारची कातडी सतत रासायनिक निरोप धाडत असते, रंग वाढवा, कमी करा, असा. या पेशी तो निरोप ऐकतात. डागाचा रंग आम्ही ठरवत नाही मॅडम. शेजार ठरवतो."

"परक्या पेशी शरीर स्वीकारतं?"

नफिसानं काचेपलीकडच्या स्टीलच्या घड्याकडे बोट केलं. त्या घड्यातल्या द्रवात पेशीवरची ओळखखूण पुसली जाते, मग ती कुणाच्याही अंगात खपते, असं तिनं सांगितलं. आणि घडा चालतो दह्याच्या विरजणासारखा. दर सोमवारी जुन्या घड्यातली वाटीभर शाई काढायची, तिच्यातली थोडी विरजण म्हणून नव्या घड्यात घालायची आणि उरलेली पेशंटसाठी ठेवायची. पेशंटला लावलेलं परत घड्यात कधीच जात नाही. वाटी काढण्यापासून विरजण लावण्यापर्यंतचं काम बाराव्या घड्यापासून कस्तुरामावशींकडे होतं.

"आणि मुळात या पेशी कुणाच्या?" पाटसकरबाईंनी विचारलं.

इथं कारखानीस पुढं झाले. हा त्यांचा आवडता भाग. पेशी एका नामांकित पेशीपेढीतून आणलेल्या, दात्याची चाळीस पानी संमती घेतलेली. दात्याच्या लेखी संमतीशिवाय या इमारतीत एक पेशीही वापरली जात नाही, असं त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. मग हनुवटी वर केली. लहानपणी तिथं स्टोव्हचा भडका लागून रुपयाएवढा पांढरा डाग पडला होता. पंधराव्या घड्यातल्या शाईनं तो भरलेला होता. प्रत्येक पाहुण्याला ते हनुवटी दाखवायचे. पाटसकरबाईंनी चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीशी नेऊन बघितलं. डाग सापडला नाही.

"पहिले अकरा घडे फुकट गेले," कारखानीस म्हणाले. "पेशी जगायच्या, पण रंग बदलायच्या नाहीत. मी द्रवात शेजारपेशींचा निरोपच मिसळला. निरोप ऐकेल तीच पेशी वाढेल, बाकीच्या संपतील. बाराव्या घड्यापासून गुण आला. एवढ्या कष्टानं केलेल्या शाईत या बाईंनी आपल्या अंगातली घाण कालवली!"

घाण. कस्तुराची कानशिलं तापली. दर महिन्याला तिचं रक्त तपासलं जायचं आणि ते स्वच्छ निघायचं. पण बोलून उपयोग नव्हता, कारण कारखानिसांचं ठरलेलं होतं. चार वाजता चालू घडा आणि साठवलेली सगळी शाई भट्टीत जाणार होती. पेढीतून पुन्हा मूळ पेशी मागवायच्या, नवं विरजण लावायचं, टोचायचं काम यंत्राला द्यायचं. कस्तुरानं आजच गेटपास जमा करायचा. नव्या शाईला चार महिने लागणार होते.

आणि बाहेरच्या बाकावर जयमाला बसली होती.

जयमाला हुपरीची. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करायची. जोडणीच्या ज्योतीचा एकदा भडका उडाला आणि उजवा गाल मानेपर्यंत भाजला. पहिल्या दिवशी ती कस्तुराला म्हणाली होती की मला सुंदर करू नका, माझा गाल तेवढा मला परत द्या. कानापासून गालाच्या मध्यापर्यंत तो परत आला होता. मध्यापासून ओठापर्यंतची आवळलेली कातडी डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी मोकळी केली होती, शाई धरावी म्हणून. अशी मोकळी केलेली कातडी महिन्याच्या आत भरली नाही तर पुन्हा आवळते, आणि दुसऱ्यांदा ती मोकळी होत नाही. म्हणजे जयमालाच्या हातात आता आठवडा उरला होता, आणि शाई चार वाजता जळणार होती. पोर जन्मभर अर्धी राहणार होती.

"मला काढा," कस्तुरा म्हणाली. "पर त्या पोरीचा गाल पुरा हुईस्तवर घडा ठेवा."

भेसळीची शाई पेशंटच्या अंगात घालायची नाही, असा नियमच कारखानिसांनी वाचून दाखवला. किती भेसळ झाली तेही आत्ताच कळेल, म्हणाले. त्यांनी शाईचा आणि कस्तुराच्या रक्ताचा पेशीठसा काढायला सांगितला होता. प्रत्येक माणसाच्या पेशीचा ठसा वेगळा. दोन्ही ताडून बघितले की घड्यात कस्तुराचं किती ते टक्क्यांत निघतं.

निकाल आणायला नफिसा आतल्या खोलीत गेली. यंत्राच्या दोन फेऱ्या झाल्याचा आवाज आला. मग तिसरी. ती बाहेर आली ती हातातल्या कागदावरची नजर न काढताच.

"किती टक्के भेसळ?" कारखानिसांनी विचारलं.

"भेसळ नाही, सर."

"म्हणजे यांच्या पेशी नाहीत शाईत?"

"आहेत. यांच्याच आहेत. दुसऱ्या कुणाच्याच नाहीत."

नफिसानं कागद पाटसकरबाईंपुढे ठेवला आणि भीड सोडून बोलायला लागली. पेढीतल्या पेशी वीस वर्षं अंधारात, काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या. त्यांना ऊन माहीत नव्हतं आणि शेजारही. निरोप ऐकणं त्या केव्हाच विसरल्या होत्या. सरांचा द्रव अगदी बरोबर होता. ऐकेल ती वाढेल, न ऐकेल ती संपेल. फक्त पेढीच्या पेशींत ऐकणारं कुणी नव्हतंच. बाराव्या घड्याच्या दिवशी मावशींनी हातावर ठिपका टोचला आणि तीच सुई वाटीत घातली. सुईच्या टोकाला लागून पाचपन्नास पेशी आल्या असतील, चाळीस वर्षं जत्रेच्या उन्हात रापलेल्या, शेजाराचं रोज ऐकणाऱ्या. त्याच वाटीतून विरजण लागलं. द्रवानं त्यांचीही ओळखखूण पुसली. पेढीच्या पेशी हळूहळू संपत गेल्या आणि मावशींच्या वाढत गेल्या.

"साठवणीतला बारावा घडा तपासला," नफिसा म्हणाली. "त्यात दोघांच्याही आहेत. चौदाव्यापासून पुढं फक्त मावशी."

कस्तुराला सगळं समजलं असं नाही. पण एवढं कळलं की गेली तीन वर्षं जेवढ्या बायाबापड्यांचे गाल, हात, माना भरून आल्या, त्यात तिच्या अंगाचं काहीतरी होतं. तिनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं आणि तिला एकदम रडूच आलं. ते तिनं गिळलं. कारखानिसांपुढं रडायचं नव्हतं.

पाटसकरबाई मात्र तिला सोडणाऱ्या नव्हत्या. हे नशिबानं निभावलं, म्हणाल्या. अंगाला लागलेली सुई परत वाटीत घालणं चूकच. रक्तातून एखादा आजार गेला असता तर शेकडो माणसं आडवी झाली असती. कस्तुरानं मान डोलावली. ते मान्यच होतं तिला. दोन जुड्या ठेवायला हव्या होत्या.

"पण शाई चालते," पाटसकरबाई कारखानिसांकडे वळल्या. "तुमच्या मूळ पेशी मागवून तुम्ही पुन्हा पहिला घडाच लावाल, डॉक्टर. मी मान्यता देईन ती या घड्याला. मात्र दात्याच्या लेखी संमतीशिवाय एक पेशीही वापरता येत नाही, हे तुम्हीच मघाशी सांगितलंत."

कारखानीस हुशार माणूस. वारं फिरलेलं त्यांना लगेच कळलं. पाच मिनिटांत चाळीस पानांचा गठ्ठा कस्तुरापुढं आला, वर पेन. शेवटच्या पानावर सही करा, म्हणाले. सही झाली की केंद्र तुमच्या योगदानाची योग्य ती नोंद घेईल, आणि गेटपास रखवालदाराकडे दिलात तरी चालेल.

कस्तुरानं पेनला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. अक्षर-अक्षर लावून. कारखानिसांनी घड्याळ बघितलं, खोकले, येरझाऱ्या घातल्या. सातव्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हितं लिवलंय, दात्याला अटी घालता येतात. आन् न्हाई म्हणायचं तरी म्हणता येतं."

"म्हणा की नाही!" कारखानिसांचा तोल गेला. "घडा जाईल भट्टीत आणि तुम्ही जाल दाराबाहेर. तुमची एक पेशी ठेवणार नाही मी या केंद्रात."

कस्तुरा उठली. त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या हनुवटीकडे बघत सावकाश म्हणाली, "पंधराव्या घड्यातली न्हवं का ही? मला दाराभाईर काढशिला, सायेब. हितनं कसं काढणार?"

कारखानिसांचा हात आपसूक हनुवटीवर गेला आणि तिथंच राहिला. नफिसानं तोंड फिरवलं. पाटसकरबाईंनी कागदात डोकं घातलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग कस्तुरानं नफिसाला अटी लिहायला सांगितल्या. घडा जाळायचा नाही. यंत्र ठेवा की, पण त्याला अंगठ्यानं ताण द्यायला माणूस शिकवेल, आणि ते माणूस कस्तुरा असेल. आणि जयमालाचा गाल आज पुरा व्हायचा, उद्या नाही. पाटसकरबाईंनी आपली एक अट खाली जोडली, दोन जुड्यांची. कारखानिसांनी एका हातानं सही केली. दुसरा अजून हनुवटीवरच होता.

तीन वाजता जयमाला खुर्चीत बसली. कस्तुरानं ताजी वाटी घेतली, एक जुडी बुडवली आणि सगळ्यांच्या देखत आपल्या डाव्या हातावर ठिपका टोचला. ती जुडी टाकून दिली आणि दुसरी, कोरी, हातात घेतली.

"मावशी, गाल माझा आणि टोचताय स्वतःला?" जयमालानं विचारलं. "हे कशाला?"

कस्तुरानं अंगठ्यानं तिच्या गालावर ताण दिला.

"आता तुझ्याकडं ऱ्हायला येणार ही शाई, जन्माची," ती म्हणाली. "आधी आपल्या घरी जाऊन आली."