एका ग्रॅमची पुडी

"आज मात्रा नाही. पातळी पुरेशी आहे," मात्रापेटी गोड आवाजात म्हणाली आणि त्र्यंबकराव खामकरांचं डोकं फिरलं. इंदूताईंच्या मनगटावरची पट्टी कातडीवरूनच रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजायची आणि पेटी त्या दिवसापुरते थेंब द्यायची. पंधरा दिवस झाले, तिनं काही दिलं नव्हतं.

"लबाड आहे ही!"

"अहो, पुरेसं असेल तर कशाला देईल?" इंदूताई हसल्या.

"गेल्या वर्षी पडलीस, हात मोडला, विसरलीस?" त्या पुन्हा पडतील या धास्तीनं त्र्यंबकरावांना झोप लागत नसे.

वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी तीस वर्षं खोटे काटे पकडले होते. मोजणाऱ्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. औषधांच्या डब्यात ड जीवनसत्त्वाच्या जुन्या पुड्या होत्या. वर छापलं होतं, 'आठवड्यातून एकदाच'. छापलेलं सगळं खरं असतं तर त्यांची नोकरी कशाला असती? त्यांनी पुडी आपल्या काट्यावर ठेवली. जेमतेम एक ग्रॅम! एवढ्याशा भुकटीनं काय होतंय? दुसऱ्या दिवसापासून इंदूताईंच्या सकाळच्या दुधात गुपचूप रोज एक पुडी पडू लागली. डब्यातल्या संपल्या तशा त्यांनी आणखी आणल्या.

दीड महिन्यानं पेटी म्हणाली, "पातळी धोक्याच्या रेषेच्या वर आहे. डॉक्टरांना दाखवा."

"घ्या! देत काही नाही, आणि म्हणे वाढली!" त्र्यंबकरावांनी पेटीची वायर उपटली.

इंदूताईंना सारखी तहान लागे, जेवण पाहिलं की मळमळे. एका दुपारी त्यांनी त्र्यंबकरावांनाच विचारलं, "आमचे हे कुठे गेलेत?" पेटीनंच छुपं काही सोडलं असणार, म्हणून पुराव्यासाठी ती बगलेत मारून ते इंदूताईंना दवाखान्यात घेऊन गेले.

"पेटी अगदी बरोबर आहे, काका," रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ड जीवनसत्त्व अती झाल्यानं रक्तातलं कॅल्शियम भयंकर वाढलंय. मूत्रपिंडावर ताण आलाय, भ्रमही त्यानंच. पेटीच्या नोंदीत तर काहीच दिलेलं नाही. मग दिलं कुणी?"

"एकच ग्रॅम असायची हो पुडी..."

"त्यात बहुतेक साखरच. औषध कणभर, पण आठवडाभराचं! जादा झालेलं अंगातल्या चरबीत साठत जातं. काट्यावर भुकटीचं वजन कळतं काका, औषधाची ताकद नाही."

त्र्यंबकराव तिथंच खुर्चीत बसून रडले.

वीस दिवसांनी इंदूताई भ्रमातून बाहेर येऊन, सावरून घरी आल्या. सगळं त्यांच्या कानावर घातलं होतं. पेटी पुन्हा भिंतीवर लागली. "आज मात्रा नाही," ती म्हणाली. त्र्यंबकरावांनी मुकाट मान डोलावली. पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी पेला भरून पुढे केला.

इंदूताईंनी तो घेतला, पण ओठाला लावला नाही. बावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी पेला उजेडाकडे धरला.

"यात काही घातलंय का हो?"