तिसऱ्या आसनाचं लेबल

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही हेलिकॉप्टरमध्ये बसला आहात. कमरेला पट्टा आहे, कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे आहेत. आता खाली वाकून आपल्या आसनाखाली बघा. काय दिसतं? काहीच नाही. नुसती रिकामी जागा.

ती जागा वाया गेलेली नाही. हेलिकॉप्टर कधी धाडकन आपटलं, तर आसनाचे पाय मुद्दाम दुमडतात, आसन खाली बसतं आणि बसणाऱ्याच्या कण्याला बसणारा धक्का स्वतः खातं. तिथे एखादी पेटी सारलेली असेल तर आसन खाली जाणार कुठे? मग धक्का माणसाला बसतो. म्हणूनच प्रत्येक आसनाच्या पुढच्या आडव्या दांड्यावर लाल लेबल लावावं लागतं : आसनाखाली सामान ठेवू नका. ते सहज दिसलं पाहिजे आणि सहज निघता कामा नये, असा नियम आहे.

आमची गोष्ट अशाच एका लेबलाची आहे.

वहिनींच्या दारावरची घंटा वाजली तेव्हा भाऊजी शब्दकोड्यात अडकले होते. वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, टंकलेखक म्हणून निवृत्त झालेले, आणि वहिनींच्या मते जगातले सर्वांत प्रामाणिक गोंधळलेले गृहस्थ.

दारात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या मागे दहा वर्षांची मुलगी, दप्तर पोटाशी धरून उभी.

"मी हेलिकॉप्टरच्या आसनांना गाद्या आणि खोळी शिवतो," म्हातारे म्हणाले. "सगळे मला टाकेकाका म्हणतात. ही माझी नात. हिला घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून आणलं."

"बसा. काय झालं?"

"शुक्रवारी डोंगरातल्या दवाखान्यांकडे जाणारं हेलिकॉप्टर उतरताना आपटलं. पाच जण धडधाकट आहेत. तिसऱ्या आसनावर परिचारिका बसली होती. तिच्या आसनाखाली औषधांची पेटी होती. तिच्या कण्याला मार बसलाय. चालता येईल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "आणि त्या आसनाला लेबल नव्हतं."

"ती आसनं तुमच्याकडून गेली होती?"

"दोनच दिवस आधी. सहा आसनं, सहा लेबलं. मी सहाही लावली, बाई! पण सगळे म्हणतात, म्हातारा विसरला. उद्या दुपारी परवाना अधिकारी येणार. माझा परवाना जाईल. परवाना गेला तर गेला, पण त्या पोरीला मी पांगळं केलं असेल, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

नात खाली मान घालून दप्तराचा पट्टा पिळत होती.

"लेबल लावताना कारखान्यात कोण होतं?"

"कुणी नाही. मी एकटा," टाकेकाका पटकन म्हणाले. "बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगीच नाही."

हेलिकॉप्टर मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. सामान चढवणारा माणूस हाताची घडी घालून दारातच भेटला.

"माझ्यावर नका ढकलू," तो म्हणाला. "लेबल असतं तर ठेवली असती का मी पेटी?"

"लेबल तूच काढलंस!" भाऊजी एकदम गरजले. "अपघातानंतर! स्वतःची मान सोडवायला!"

"अहो आजोबा, तोंड सांभाळा!"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जरा हा भिंगाचा डबा धरा. दोन्ही हातांनी."

वहिनी तिसऱ्या आसनासमोर चक्क जमिनीवर बसल्या. आडव्या दांड्यावर एक चौकोनी चिकट डाग होता. त्यांनी भिंग लावलं. डागावर पिवळी पूड चिकटली होती, पिठासारखी बारीक.

"भाऊजी, हे काय दिसतं?"

"हळद?"

"हेलिकॉप्टरमध्ये कोण हळद कुटतंय? गादी कुठे फाटली आहे का बघा."

भाऊजींनी आसनावरून पुढून-मागून हात फिरवला. "छे. टाका न् टाका शाबूत आहे."

वहिनींनी उरलेली पाच लेबलं बघितली. प्रत्येक कोपरा नखाने ओढला. एकही हललं नाही.

"लावल्यावर पहिले काही तास हे निघू शकतं," मागून टाकेकाका म्हणाले. "पूर्ण दिवस गेला की फाटेल, पण निघणार नाही."

निघताना वहिनी सामानवाल्याजवळ थांबल्या. "तिसऱ्या आसनाला लेबल नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्या आणि चौथ्याला होतं ना?"

त्याने घडी घातलेले हात सोडले. "होतं. पण बाई, घाई होती."

आसनं तपासून सही करणारा तपासनीस शेजारच्याच खोलीत बसत असे. माणूस गुबगुबीत, बोलणं गुळगुळीत.

"सोमवारी दुपारी काकांनी लेबलं लावली," तो म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी मी कारखान्यात जाऊन तपासली. सहाही. प्रत्येकाच्या कोपऱ्याखाली नख घालून ओढून पाहायचं असतं, तसं पाहिलं. ही माझी सही. बुधवारी आसनं गेली. मधे काय झालं, मला काय ठाऊक?"

वहिनींच्या हातून एक नाणं त्याच्या टेबलावर पडलं. "जरा देता का उचलून?"

त्याने उचलायचा प्रयत्न केला. नाणं काचेवर नुसतं इकडून तिकडे सरकत राहिलं. शेवटी त्याने ते टेबलाच्या कडेपर्यंत ढकललं आणि तळहातावर घेतलं. त्याची सगळी नखं पार मांसापर्यंत कुरतडलेली होती.

"वाईट सवय," तो ओशाळून हसला.

"मलाही होती," भाऊजी म्हणाले. "आईने मिरची लावली, मग गेली."

टाकेकाकांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. शिवणयंत्र, चामड्याची भेंडोळी, आणि मधोमध फोम कापायची करवत. टाकेकाकांनी ती सुरू करून दाखवली आणि खोलीभर पिवळी पूड उडाली. भाऊजी सलग सात वेळा शिंकले.

"लेबल लावल्यावर आसनं कुठे ठेवता?"

"इथे. भिंतीकडे तोंड करून." जमिनीवर खडूने आखलेल्या सहा चौकटी होत्या. भिंतीपासून त्यांचं अंतर जेमतेम वीतभर होतं. "माझी जुनी रीत आहे. लेबल वाळेपर्यंत कुणाचा पाय लागू नये, कुणाचा हात लागू नये. मग पूर्ण दिवस मी त्यांना शिवत नाही."

"आणि बुधवारी न्यायला माणसं आली तेव्हा?"

"चौकटीत जशीच्या तशी होती. रेघ सोडून बोटभर हललेली नव्हती. माणसांनी तिथेच कापडात गुंडाळली आणि नेली."

"जड असतात?"

"दोघांशिवाय हलत नाहीत."

वहिनी खोलीभर फिरल्या. दाराशी भिंतीत दोन खुंट्या होत्या. एक खांद्याच्या उंचीवर, तिच्यावर टाकेकाकांचा कोट. दुसरी कमरेइतकी खाली, रिकामी. कोपऱ्यात बाहुलीची एक इवली खुर्ची होती, गादीसकट, टाका न् टाका मोठ्या आसनासारखा. ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"ही का रुसली गं?" भाऊजींनी नातीला विचारलं.

नात जाऊन खुर्चीच्या पुढे उभी राहिली.

"मीच करून दिली. उरलेल्या तुकड्यांची," टाकेकाका म्हणाले, आणि त्यांनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परवाना अधिकारी त्याच खोलीत येऊन बसले. तपासनीस होता, सामानवाला होता. नात आजोबांच्या यंत्रामागे उभी होती.

"माझा वेळ थोडा आहे," अधिकारी म्हणाले. "लेबल लावलं होतं की नव्हतं?"

"लावलं होतं," वहिनी म्हणाल्या. "दांड्यावर डिंकाचा चौकोन आहे. न लावलेल्या लेबलाचा डिंक कुठून येणार?"

टाकेकाकांनी डोळे मिटून श्वास सोडला.

"म्हणजे मी म्हटलं तेच!" भाऊजी उठले. "सामानवाल्याने अपघातानंतर—"

"भाऊजी, त्या चौकोनावर तुम्हाला हळद दिसली होती. ती फोमची पूड आहे. हेलिकॉप्टरमध्ये गादी फाटलेली नाही, मग पूड आली कुठून? याच खोलीतून. लेबल इथे असतानाच निघालं, आणि उघड्या ओल्या डिंकावर पूड बसली. शिवाय पूर्ण दिवस गेल्यावर ते निघतच नाही. म्हणजे सोमवारी, लावल्यानंतर काही तासांतच."

भाऊजी सामानवाल्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी तुम्हाला चोर म्हणालो. चुकलो."

"असू द्या, आजोबा," सामानवाला खाली बघत म्हणाला. "दुसऱ्या आणि चौथ्या आसनाची लेबलं माझ्या नाकासमोर होती. मधल्यालाही नियम तोच, हे काय मला कळत नव्हतं?"

"सोमवारी निघालं," अधिकारी हळूच म्हणाले, "तर मंगळवारी सहा लेबलं ओढून पाहिली कशी?"

सगळ्यांच्या नजरा तपासनिसावर गेल्या.

"पाहिलीच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आसनं भिंतीकडे तोंड करून होती. लेबल बघायचं तर आसन फिरवायला हवं, आणि त्याला दोन माणसं लागतात. पण बुधवारी ती रेघेवरून बोटभरही हललेली नव्हती. बरं, फिरवली असती तरी नख कुठलं घालणार होतात? काचेवरचं नाणं तुम्हाला उचलता येत नाही."

तपासनिसाने दोन्ही हात खिशात घातले. मग म्हणाला, "काकांचं काम कधी चुकत नाही. मी त्यांच्या भरवशावर सही करतो. किती वर्षं झाली, मोजलं नाही."

"पण काढलं कुणी?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "काका म्हणतात, इथे कुणी नव्हतं."

"काका," वहिनींचा आवाज मऊ झाला, "खालची खुंटी कुणाच्या दप्तराची आहे?"

टाकेकाकांचं तोंड उतरलं. "शाळा सुटल्यावर ती इथेच येते. घरी एकटी कशी ठेवू? नियम नाही, म्हणून मी लपवलं. तुमच्याशी खोटं बोललो, साहेब. पण ती कशालाही हात लावत नाही!"

"भिंत आणि आसन यांत वीतभर जागा. तुम्ही-आम्ही तिथे मावणार नाही. लहान मूल मावतं. आणि ती खुर्ची बघा, भाऊजी. रुसलेली नाही ती. या खोलीत भिंतीकडे तोंड केव्हा करतात?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. मग त्यांचा हात डोक्यावरच थांबला. "लेबल... वाळताना."

कुणीही खुर्चीकडे गेलं नाही. वहिनींनीही नाही. यंत्रामागून नातच आली. तिने खुर्ची फिरवली. इवल्या दांड्यावर लाल लेबल होतं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं.

"आजोबा फोनवर बोलत होते," ती म्हणाली. आवाज ऐकायला सगळ्यांना वाकावं लागलं. "मला माझी खुर्ची खरी करायची होती. आजोबांची असते तशी. मला वाटलं, आजोबा दुसरं लावतील. मग ते म्हणाले, लेबलं मोजून सहाच येतात. मी परत लावायला गेले तर ते खुर्चीवरून निघेना. मग मी सांगितलं नाही."

"शनिवारी तरी सांगायचंस गं," टाकेकाका कसेबसे म्हणाले.

"तेव्हा तर अजूनच सांगता येईना."

मुलांनो, ही भावना तुम्हाला ठाऊक असेल. गोष्ट लहान असताना सांगितली नाही, तर ती रात्रीत मोठी होते आणि सकाळी तोंडातून बाहेर पडत नाही.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "बाळ, तू लेबल काढलंस ती तुझी चूक. पण एक लहान मूल चुकलं तर माणूस जायबंदी होऊ नये, म्हणून तर मधे तीन मोठी माणसं ठेवलेली असतात. तिघांनीही आपलं काम दुसऱ्यावर सोडलं."

त्यांनी निकाल लिहिला. तपासनिसाचा सहीचा अधिकार गेला, आणि त्याने सही केलेलं प्रत्येक आसन परत तपासायचं ठरलं. सामानवाल्याला महिनाभर कामावरून दूर केलं. टाकेकाकांचा परवाना राहिला, पण त्यांचा कारखाना तीन आठवडे बंद, आणि त्यांच्या नावापुढे खोटा जबाब दिल्याची नोंद.

"नोंद राहू द्या," टाकेकाका म्हणाले. "खरीच आहे."

संध्याकाळी ते नातीला घेऊन रुग्णालयात गेले. वाटेत म्हणाले, "मी बोलतो. तू नुसती शेजारी उभी राहा."

वॉर्डच्या दारात नातीने त्यांचा हात सोडला. "तुम्ही इथेच थांबा."

परिचारिका उताणी पडली होती. तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून नात खाटेच्या पायथ्याशी गेली, जिथून ती दिसेल.

"तुमच्या आसनाचं लेबल मी काढलं होतं," ती म्हणाली. "खेळायला. आणि मी कुणाला सांगितलं नाही."

परिचारिका छताकडे बघत राहिली. तिने 'असू दे' म्हटलं नाही. ती रागावलीही नाही.

"आज मला बोलवत नाही," ती शेवटी म्हणाली. "उद्या ये."

नात मान हलवून बाहेर आली. जेवणावर तिचं लक्ष नव्हतं. आजोबांनी विचारलं, "उद्या मी येऊ का सोबत?" तिने नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. मैत्रिणी फाटकातून डावीकडे वळल्या. नात उजवीकडे, रुग्णालयाच्या रस्त्याला लागली.