मंगळवारी चाललेली मेंढरं

"बिबट्या आला, आणि भोंगा वाजलाच नाही," चैत्राली म्हणाली.

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिच्या छोट्या कंपनीचे पट्टे वेल्ह्याच्या एकोणीस वाड्यांवर मेंढरांच्या गळ्यात होते. कळप बिथरला की झोपडीत भोंगा वाजायचा. काल, गुरुवारी, तो गप्प राहिला. बिबट्यानं जखमी केलेली मेंढपाळ बयाबाई पुण्याच्या दवाखान्यात होती, बेशुद्ध.

"सोमवारी एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी आम्हाला विकत घेतेय. कुणी मुद्दाम बिघडवलं असेल तर पुढची वाडी कुठली?"

डिटेक्टिव्ह मोहिनी शेटे उठली. "आनंदराव, गाडी काढा."

तिचे मदतनीस, निवृत्त कोर्ट कारकून आनंदराव किल्ली शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

*रायबा. बयाबाईचा नवरा.*

"पट्टे तुम्ही काढले होते?"

"लोकर कातरणीला काढावंच लागत्यात, बाई. मंगळवारी दिसभर मेंढरं जाळीत कोंडलेली, पट्टं खुंटीला. सांजच्याला परत घातलं. माज्यावर आळ घालता व्हय?"

"भोंगा शेवटचा कधी वाजला?"

"दोन म्हैनं गप हाय. आमाला वाटलं, बिबट्या गेला."

*दत्ता. पट्ट्यांची देखभाल करणारा.*

"चार्जिंग फुल होतं, ताई. देवाशपथ! डोंगरावरच्या शिग्नलच्या खांबाचा दिवा तेवढा दोन म्हैनं लागत न्हाई. वरदसाहेब म्हनले, नव्या मालकानं वीज वाचवलीया."

"कसला नवा मालक?"

"शिग्नल वाहनारी कंपनी इकली ना कुनाला तरी."

"गुन्हेगार हाच," आनंदराव मोहिनीच्या कानात कुजबुजले. झाडीत काहीतरी हललं. सगळेच थिजले. वानर होतं. बहुतेक.

*वरद. चैत्रालीचा भागीदार.*

कापूरहोळचं ऑफिस. भिंतीवर पडदा, पडद्यावर हिरवे ठिपके.

"सिस्टीम ठणठणीत आहे. रायबाचा कळप बघा. सोमवारी सात किलोमीटर, मंगळवारी साडेसात, बुधवारी सात."

मोहिनीनं दार लावून घेतलं.

"मंगळवारी ते पट्टे खुंटीला होते. खुंटी साडेसात किलोमीटर चालली?"

वरदचा हात पडदा बंद करायला गेला.

"जुन्या दिवसांची चाल जराशी बदलून तुम्ही पडद्यावर सोडता. कातरणीच्या दिवशी मेंढरू हलत नाही, हे एसीत बसून कळत नाही. खांबाचा दिवा वीज वाचवायला विझलेला नाही. सिग्नल वाहणारी कंपनी दुसऱ्या एका बड्या कंपनीनं घेतली आणि तिची सेवाच बंद केली. दिवा आणि भोंगा एकदमच गेले. ते कळलं असतं, तर सोमवारचा सौदा मोडला असता."

"एक ईमेल आला!" वरद ओरडला. "तीस दिवसांत बंद. त्यांना गिऱ्हाईकं हवी होती, मेंढरं नकोत. मी काय करणार होतो? सोमवारनंतर सगळं नव्या मालकानं निस्तरलं असतं."

"आणि सोमवारपर्यंत?" दाराशी उभ्या चैत्रालीनं विचारलं. "एकोणीस वाड्या?"

"एकही भोंगा वाजणार नाही," मोहिनी म्हणाली.

सौद्याचं कुणी बोललं नाही. वाड्यांवर फोन लागत नव्हते. ऊन कलत होतं.

पहिली वाडी. ठकुबाई अंगणात मिरच्या निवडत होती.

"मावशी, भोंगा बंद पडलाय. कुत्री मोकळी सोडा."

"कुत्री कुटली? पट्टं आल्यावर दिली की लोकांना."

"कळपाबरोबर कोण आहे?"

"धाकटी सून, खिंडीत. आदी दोगं जायची, आता एकलीच जाती." ठकुबाई हसली. "भ्या कशाचं? पट्टा हाय की."

चैत्राली खिंडीकडं धावत सुटली. खिंडीतलं ऊन केव्हाच गेलं होतं.